विषय क्रमांक चार

स्टॉकहोम, चर्चचं तळघर, सत्तेचाळीसचा मार्च.
हजर: एकोणतीस. सगळे तार्तूच्या मेडिकलचे,
सगळे डॉक्टर, किंवा होता होता राहिलेले,
आणि त्या हिवाळ्यात सगळेच
कुणाच्या ना कुणाच्या वॉर्डात फरशी पुसणारे.
वर्गणी एक क्रोना. जमेल त्याने कॉफी आणावी.

सभा उठता उठता आक्सेल पिहलाकने
ओव्हरकोटच्या खिशातून रुमाल काढला,
रुमालातून कानशिलाचं हाड.
परीक्षेसाठी एका रात्रीपुरतं उसनं आणलेलं;
त्याच रात्री होडी मिळाली.
चिटणीस म्हणून मी टिपून घेतलं:
विषय क्रमांक चार. हाड विभागाला परत करणे.
सर्वानुमते मंजूर. अंमलबजावणी पुढील सभेपर्यंत तहकूब.

मग दरवर्षी हेच वाक्य, एकही खाडाखोड नाही.
त्रेपन्नला बहुतेकांना प्रॅक्टिसची परवानगी मिळाली,
तळघरातून आम्ही हॉटेलात आलो, कॉफीसोबत हेरिंग आलं.
एकोणसाठला भांडण:
जर्मनांच्या काळात पास झालेल्यांना मत असावं का.
एल्मार रोस्ना भरलं ताट टाकून निघून गेला.
पुढच्या वर्षी आला. इतिवृत्तात फक्त: हजर.
सैबेरियात नेलेल्यांसाठी एक खुर्ची रिकामी असे.
खरं सांगायचं तर तिच्यावर आम्ही कोट टाकायचो.

एकदाच, बासष्टला, साल्मे उइबो,
कानाची सर्जन, हाड दिव्यापाशी धरून म्हणाली,
पण हे होतं कुणाचं?
अध्यक्ष म्हणाले, प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नाही.

हजर अठरा. हजर अकरा.
गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
नंतर तीच सभा, त्याच ठिकाणी.
अर्ध्या तासात कोण उगवणार होतं?
हजर: साल्मे आणि मी.

ब्याण्णवच्या जूनमध्ये आम्ही गेलो,
बोटीने, मग बसने, हाड साल्मेच्या पर्समध्ये.
खिडकीमागे विशीतली मुलगी, तोंडात च्युइंगम.
दाखल क्रमांक विचारला. आमच्याकडे नव्हता.
तिने हाड उलटसुलट करून पाहिलं:
आतली तीन छोटी हाडं नाहीत.
आम्हालाही असंच मिळालं होतं, साल्मे म्हणाली,
कॉपी करताना पकडल्यासारखी लाल होऊन.

पावती मिळाली, पेन्सिलीने लिहिलेली.
टेकडीवरच्या बाकावर बसून मी वही उघडली.
विषय क्रमांक चार: निकाली.
वही मिटणार, तेवढ्यात साल्मेने पेन मागितलं
आणि थरथरत्या अक्षरात खाली लिहिलं:
विषय क्रमांक पाच. कुणाचं होतं.
तहकूब.