फितीचं दुसरं टोक

तीस मीटरची फीत. पहिली तीन बोटं
झिजून कोरी झालेली.
साहेबांना दाखवली, तर म्हणाले,
चालतंय की, सगळ्यांना सारखीच चुकते.

मी खानापूरच्या पट्टण पंचायतीत मोजणीला.
आकडे कन्नडात लिहितो,
हातचा अजून मराठीत धरतो.
शेवटच्या रकान्यात एक शब्द असतो : विनायिती.
आईला वाचून दाखवला,
म्हणाली, म्हणजे माफ? मग माफ म्हण की.

चर्चला फादर इनासांनी स्वतःच
दुसरं टोक धरलं. झग्याला चुना लागला.
वेदी, बाकं, घंटेचा मनोरा, माफ.
मागं सिस्टर डोमिनिकाचा दवाखाना.
विंचू चावलेल्या तिवोलीच्या गवळ्याला
रात्री दोनला आणलेलं,
कुणी नाव विचारायच्या आत सुई टोचून झाली होती.
तिथं माझा हात अडखळला नाही.

अडखळला तो रस्त्याकडच्या चार गाळ्यांपाशी.
बेकरी, रिचार्जवाला, शिंपी,
चौथ्याला कुलूप.
"भाडं देवाला जातं,
का दवाखान्याच्या छपराला?"
"दोन्हीला. वेगळं कसं मोजणार?"
"फीत तेवढी लांब नाही, फादर."
ते हसले नाहीत.
टोकही सोडलं नाही.

उषःकाल शिक्षण मंडळात
टोक धरायला कुणी आलं नाही.
विटेखाली दाबून मी एकटाच मागं मागं सरकत गेलो,
संस्थापकांच्या हारापासून
अध्यक्षांच्या थंडगार खोलीपर्यंत.
याच खोलीत दोन वर्षांपूर्वी
पेढ्यांच्या खोक्यातून अकरा हजार दिले होते,
लेकीच्या जागेसाठी. पावती मागितली नव्हती.
फलकावर लिहिलंय, ना नफा.
कागद सगळे चोख. लिहिलं, माफ.
घरी त्या दिवशी जेवताना बोललो नाही.

मठाचं मात्र मला बोलायला तोंड नाही.
मलप्रभा घरात शिरली तेव्हा
आमची चाळीस घरं दासोहाच्या पंगतीला होती.
पंचायतीचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी आला,
त्यावर मीच उभा होतो,
पोट भरलेला,
बिस्किटाचे पुडे वाटत.

शेवटचं घर रेमेतीनचं.
पंधरा बाय अकरा, कौलारू.
सरकारी दवाखान्यात ज्यांचं माणूस पडलंय
त्यांना ती सकाळी पेज देते,
असतील तर पैसे घेते.
तिच्याकडं ना ट्रस्ट, ना शिक्का, ना घटना.
टोक नातवानं धरलं, पतंगाच्या दोरीसारखं.

"काय लिहूल्यास रे?"
"सहाशे चाळीस."
"आणि फादराचं?"
"शून्य."
"असू दे. देवाला कुठला पगार."
मग डब्यातली नाणी मोजता मोजता थांबली.
"पण तुमच्या खांबावरचा दिवा गेला
त्याला दोन पावसाळे झाले.
मी चर्चच्या उजेडात भांडी घासते.
आता हे पैसे कुणाला द्यायचे, तूच सांग."

मी पावती फाडली.
दुसरं काय फाडणार?

संध्याकाळी फादरांची चिठ्ठी आली :
तीन गाळ्यांना पट्टी लाव.
चौथ्यात खुर्च्या आहेत,
मयताच्या घरी फुकट देतो, कुणाच्याही.
त्याचं तू ठरव.

चौथी ओळ मी कोरी सोडली.
साहेब विचारतील. उत्तर अजून नाही.

रात्री फीत घेऊन परत गेलो, का ते माहीत नाही.
मनोऱ्याखालच्या दिव्यापासून
रेमेतीनच्या भांडी घासायच्या दगडापर्यंत
उजेड मोजला.
दुसरं टोक फाटकाच्या खिळ्याला अडकवलं.
एकवीस मीटर.
त्यातली ती तीन बोटं
कुणाच्या खात्यावर टाकायची,
ते रकान्यात नाही.