दीड टन

शुक्रवारी सकाळी सहाला, रुवीत,
वर्देबाईंच्या हॉलमधला सोफा भिंतीला उभा करतात
आणि आम्ही सातजण सतरंजीवर बसतो.
कुणी मांडी घालून, कुणी मांडीचा नुसता प्रयत्न करून.
शिजूला खुर्ची आहे. त्याच्या गुडघ्यात स्क्रू आहेत.

बाई म्हणतात, श्वास बघा.
आत येतो तो. बाहेर जातो तो.
काही करू नका, नुसतं बघा.

अठरा वर्षं मी नुसतं काही बघितलेलं नाही.
बघितलं की हातात पाना येतो.
डोळे मिटले, आणि तिसऱ्या श्वासाला
माझा कान उठून खिडकीतल्या एसीपाशी जाऊन बसला.
दीड टन. जुना कॉम्प्रेसर.
सुरू होताना अर्धा क्षण अडखळतोय,
म्हणजे कपॅसिटर जायला आलाय.
पंख्याचं एक पातं वाकलंय. गॅसही कमी असणार.
श्वास?
कधी आला, कधी गेला, मला पत्ता नाही.

मन भटकलं तर रागावू नका, बाई म्हणतात,
हाताला धरून परत आणा, लहान पोराला आणतो तसं.
माझं पोर चौदा वर्षांचं आहे, चिपळूणला.
गेल्या सुट्टीत रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला
तर त्यानं माझ्या हातात त्याचा मोबाइल दिला,
धरायला.
मन आणायला म्हणून गेलो
आणि मीच त्या रस्त्याच्या कडेला उभा राहिलो,
बाई घंटी वाजवेपर्यंत.

एकट्यानंही करून पाहिलं.
खोलीवर आम्ही चौघं, माझा पलंग वरचा.
ताठ बसलो तर डोकं छताला लागतं.
बिप्लबनं खालून बराच वेळ पाहिलं,
मग शिडी चढून कपाळाला हात लावला,
ताप आहे का म्हणून.
त्या हाताकडे मात्र मी नीट लक्ष दिलं.
गार होता, भांडी घासून आलेला.

मग जूनमधला तो शुक्रवार.
मशीन घर्र करून थांबलं, आणि एमसीबी पडला.

इथे शांततेला शांतता म्हणत नाहीत,
तक्रार म्हणतात.
शांतता झाली की माझा फोन वाजतो,
भाई, बंद पडला, लवकर या, लहान बाळ आहे.
सगळ्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.
माझा एक गुडघा उचललेलाही होता.
बाई म्हणाल्या, सात मिनिटं राहिलीत.
बसा.

आयुष्यात पहिल्यांदा
मी बिघडलेल्या मशीनशेजारी बसलो,
हात रिकामे, मांडीवर उताणे.
वरच्या मजल्यांवर बाकीचे एसी गुणगुणत होते,
ते आज माझे नव्हते.
उकाडा पायांकडून चढत आला.
कुणाचं तरी पोट बोललं. कुणी हसलं नाही.
शिजूच्या नाकात बारीक शिट्टी वाजते, हे तेव्हा कळलं.
घामाचा एक थेंब कानामागून निघाला,
मानेवर थांबला, विचार केला,
आणि कॉलरच्या आत गेला.

आणि मग ते ऐकू आलं.
माझा श्वासही आत येण्याआधी
अर्धा क्षण अडखळतो.
कधीपासून, माहीत नाही.
बहुतेक विमानतळावर कधीतरी.

मी तो दुरुस्त केला नाही.
आला तसा येऊ दिला. चार वेळा, पाच वेळा.
सहाव्याला हिशोब चुकला.

घंटी झाल्यावर गाडीतून कपॅसिटर आणला, पातं सरळ केलं.
बाईंनी पैसे विचारले, मी साडेतीन रियाल सांगितले,
पार्टचे फक्त, आणि पोहे खाल्ले.

आता ते मशीन इतकं सुरळीत चालतं
की त्यात ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही.
डोळे मिटले की मन थेट चिपळूणला जातं.
मी मागोमाग जातो. हात पुढे करतो.
मोबाइल तर मोबाइल,
धरून उभा राहतो.