अंगठा नसलेला हात

हॉलमध्ये कागदी ताटल्यांचा ढीग,
रबराचे तुकडे, गोंद, दोन बोथट कात्र्या.
फळ्यावर मी लिहिलं होतं:
मुखवटा म्हणजे चेहरा झाकण्याचं साधन.
पुस्तकात तसंच होतं. जगाचा नकाशाही होता,
ठिकठिकाणी चेहरे चिकटवलेला:
लाकडी दातांचे, वाघाच्या मिशांचे,
एक नुसताच पांढरा.

वॅसिली अप्पा उशिरा आला,
स्नोमोबाइलचा धूर अंगावर घेऊन.
फळा वाचला. बाहीनं पुसला.
"झाकायला टोपी आहे की," म्हणाला.

मग पोत्यातून काढला त्यानं तो,
नदीनं आणलेल्या लाकडाचा.
टुंड्रावर झाड उगवत नाही,
झाड येतं,
बर्फ फुटल्यावर, पाहुण्यासारखं, आडवं.
मधोमध सीलचं तोंड, आणि त्या तोंडात
एवढासा माणसाचा चेहरा,
खिडकीतून कुणी वाट बघावं तसा.
भोवती वाकवलेल्या लाकडाची दोन कडी.
"हे आकाश. हे त्याच्या वरचं."
आणि पिसं? बर्फ की तारे?
"ज्या रात्री जे पडेल ते."

बाजूला दोन हात.
तळव्यांना आरपार भोक. बोटं चार.

"अंगठा विसरलास!" अग्राफेना ओरडली,
जिला माझ्या प्रत्येक बेरजेत चूक सापडते.
अप्पानं स्वतःचा अंगठा तळव्यात मुडपला
आणि टेबलावरची पेन्सिल उचलायला गेला.
पडली.
पुन्हा उचलली. पुन्हा पडली.
मुलं हसून हसून जमिनीवर.
"बघा कशी सुटली!
सगळंच मुठीत आलं
तर पुढच्या वर्षी येणार कोण?
सुटलेला सील परत जाऊन सांगतो
की तिथली माणसं बरी आहेत."

धडा इथं संपवायला हवा होता मी.
पण तिखोनचा हात वर होता.
तिखोन, ज्याच्या बापाचं जाळं
तीन उन्हाळे शेडमध्ये खुंटीला आहे,
कारण जून आला की बंदीचा कागद येतो,
आणि सॅमन येत नाहीत, किंवा येतात मोजून.
"आम्ही तर एकही धरला नाही," तो म्हणाला.
"सगळे सुटले.
मग ते काय सांगतायत आमच्याबद्दल?"

जनरेटरची घरघर तेवढी.
अप्पानं त्या भोकात करंगळी घातली,
हळूहळू फिरवली.
"मी एवढंच कोरलं होतं," म्हणाला. "एवढंच."
समुद्राच्या बाजूला पाहिलं नाही त्यानं.
मी पाहिलं.

मग गोंद. मग ताटल्या.
अर्धी हसणारी, अर्धी रुसलेली अशी एक झाली,
एकीला कुणी भात चिकटवला, बर्फ म्हणून.
आणि नाच, ढोलाऐवजी बाकावर थापा मारून,
ज्यात अप्पा बसूनच नाचला, नुसत्या हातांनी.

नाच झाला की मुखवटा ठेवायचा नसतो,
त्यानं सांगितलं. मोडायचा, बाहेर सोडायचा.
त्याच्या आजोबाचा एक
कुठल्याशा शहरात काचेमागे आहे,
खाली नंबर लिहिलेला.
"त्याचं काम कधीच संपलंय,
पण जाऊ देत नाहीत बिचाऱ्याला."

मुलांना पटलं नाही. अग्राफेनानं आपला
कोटात लपवला, मी बघितलं नाही असं केलं.
तिखोन मात्र बाहेर गेला, टोपी न घालताच,
आणि ताटली वाऱ्यावर धरली.
ती गेली, इंधनाच्या टाकीवरून,
कुत्र्यांवरून, गोठलेल्या नदीच्या दिशेनं.

संध्याकाळी झाडताना
त्याच्या बाकाखाली मला मिळाला
पुठ्ठ्याचा एक अंगठा,
नखासकट रंगवलेला,
मग नीट, मुळापासून कापलेला.
टाकला नाही मी.
खडूंच्या डब्यात ठेवलाय,
जूनपर्यंत.