मोजणी

जानेवारीत हा रस्ता मी चाललो
पाठीवर अकरा किलोंचं यंत्र घेऊन.
चाळीस पावलं, थांबायचं. चाळीस पावलं, थांबायचं.
गुन्सानच्या बंदरावरून खारं वारं येत होतं,
दोन्ही बाजूंची गिंकोची झाडं उघडीवाघडी, हाडकुळी,
आणि पडद्यावरचा आकडा असा
की तिकडे सोलच्या ऑफिसात कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

नवी लहर फार बारीक आहे,
करंगळीच्या नखाएवढी.
डोळ्याचं पातं लवेतो अख्खा सिनेमा उचलून आणते,
पण भिंत आडवी आली की मान टाकते.
भिंत सोडा, तळहात आडवा आला तरी.
जुनी चांगली दीड वीत लांब, रांगडी.
तीन भिंती, एक जिना आणि मासळीचं कोठार ओलांडून
"हं, बोल" एवढंच आणायची.
पण आणायची.

एप्रिलात परत आलो. तोच रस्ता, तेच यंत्र.
सातव्या खांबापाशी आकडा बसला.
खांब ठीक. केबल ठीक. बॅटरी भरलेली.
मग वर पाहिलं.
पालवी फुटली होती,
तान्ह्याच्या पंजाएवढे हिरवे पंखे, धुक्याने ओले.

अहवालात कारण लिहावं लागतं.
लिहिलं: वसंत.
खोडलं.
लिहिलं: अडथळा, वनस्पतिजन्य.

सातव्या खांबासमोर मा दोंग-चुलचं कुलपांचं दुकान.
शटरवर हाताने रंगवलेला नंबर, शून्य-एक-एकवाला,
ज्याचे टॉवर आम्हीच बंद केले.
तिन्ही नोटिसा मीच नेऊन दिल्या होत्या.
तिसरीच्या वेळी त्याने सातूचा चहा पुढे केला.
"बदलतो की नंबर. पण तिच्याकडे हाच आहे."
ती कोण, हे मी विचारलं नाही.
चहा गरम होता, आणि मला अजून चौदा घरं होती.

आता काउंटरवर नवा फोन आहे, वरचं प्लास्टिकही न सोललेला.
शेजारी जुना, चार्जरला टांगलेला.
रोज रात्री भरतो म्हणे.
कशासाठी?
कुलूप गंजू नये म्हणून तेल देतोच ना, म्हणाला.

ऑफिसातून निरोप आला:
नगरपालिकेशी बोलणं झालंय, फांद्या उतरवू.
झाडं किती, तेवढं कळव.

मी बोटाने मोजत उभा होतो
तर तो किल्ल्यांचा जुडगा वाजवत बाहेर आला,
माझ्यासारखंच वर बघू लागला.
"काय हरवलं?"
"पानं आड येतात," मी म्हटलं.
तो हसला, दात दिसतील इतका.
"मग नोव्हेंबरात ये.
गिंको काही एकेक पान गाळत बसत नाही,
थंडीच्या एका रात्रीत सगळं खाली.
सकाळी शटर उघडायला मला फावडं लागतं."
थोडा थांबला.
"त्या रात्री लागेल. कुणाचाही."

मी यंत्र पाठीवर चढवलं.
चाळीस पावलं. थांबलो.
खिशात फोन थरथरत होता,
ऑफिस विचारत होतं,
किती?