पाण्याची पाळी

रुमिपाताच्या शाळेत बाकं भिंतीला सरकवली
आणि फरशीवर कागद अंथरून आम्ही कपडे मांडले.
एक स्वेटर. दोन बटणं. टायरच्या चपलेचा एकच पाय.
लोकरीचा कमरपट्टा, त्यावर पक्षी विणलेला की मासा,
आता सांगता येत नाही.

मी सरकारी वकिलांचा कारकून.
हाडांचं बोलायचं ते डॉक्टरीणबाईंनी.
मला फक्त रकाने.

नाव: फाउस्तो सुल्का. वय: एकतीस.
बेपत्ता: सप्टेंबर, चौऱ्याऐंशी.
त्या आठवड्यात डोंगरातून लाल झेंडेवाले उतरले,
मागोमाग लष्कर,
आणि गावाला कळेना
कुणाला जेवू घातलं तर कमी मरावं लागेल.

चौकातल्या भिंतीवर तेहतीस नावं. त्याचं तेविसावं.
बत्तीस जण चर्चमागच्या खड्ड्यात सापडले,
हात पाठीशी बांधलेले, गोळी मानेतून.
हा एकटा वर, पाटाच्या मुखाशी, मोरीच्या दगडाखाली.
हात मोकळे.
कवटीला मागून एक खाच, बोटभर रुंद.
'फावडं,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि हातमोजे काढून बराच वेळ चहा प्यायल्या.

जुन्या फायलीत दोन साक्षी, एकाच शाईत:
जवानांनी नेलं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं.
एकीखाली अंगठा.
दुसरीखाली सही, लेओन्सियो तिनेओ, शेताचा शेजारी.

एलेउतेरिया आली. हॅट काढली नाही तिनं.
थेट स्वेटरच्या कोपरापाशी बसली,
हिरव्या धाग्याचं रफू दोन बोटांत धरून
बाजारात बटाटा चाचपावा तसं चाचपलं.

'टाका माझाच,' ती म्हणाली केच्वात,
दुभाष्यानं स्पॅनिशमध्ये, मी टाइप केलं.
'जवान आले सोमवारी.
हे रफू मी केलं बुधवारी रात्री, दिव्याशी.
गुरुवारी आमची पाळी होती पाण्याची.'

दुभाषा थांबला.
तो तिनेओच्या मेहुणीचा मुलगा.
मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं खिडकीकडे.
खिडकीत निलगिरीखेरीज काही नव्हतं.

'ठाऊक होतं मला.
त्या वर्षी कुणीही मेलं तरी एकच विचारायचे,
यांनी की त्यांनी?
बांधावरून माणूस मरतो हे विसरलेच होते सगळे.

त्या गुरुवारनंतर तो पहाटे येऊ लागला.
आधी माझ्या वावराचं दारं धरायचा, मग स्वतःचं.
अडतीस वर्षं.
बायकोला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.
तोंडातून शब्द नाही त्याच्या, माझ्याही नाही.
पाणी मी घेतलं.
त्यावर मका आला, त्यावर पोरं शिकली.
लिहिताय ना हे?'

लिहीत होतो.
आणि विचारायचं नव्हतं ते विचारून बसलो:
मग आज का?

'पावसाळा संपला तसं त्याचं अर्धं अंग गेलं.
आता पाटावर त्याचा मुलगा येतो.
म्हणतो, आजी, पाळी म्हणजे पाळी,
तुमची शनिवारी, ती पण दुपारची.
आधीचं काही ठरलं असेल तर कागद दाखवा.'

तिनं हिरवा धागा पुन्हा सपाट केला.
'म्हणून आले. करा कागद.'

मरणाचं कारण या रकान्यात छापील पर्याय तीन:
लष्कर. बंडखोर. अज्ञात.
चौथ्याला जागाच नाही, समासात लिहावं लागेल,
आणि समासातलं लिमाला कुणी वाचत नाही.

उठताना ती आणखी एक वाक्य बोलली,
दाराशी, पाठ करून.
दुभाष्यानं ते सांगितलं नाही.
सांगण्यासारखं नाही काही, म्हणाला.

माझी आजी केच्वातच ओरडायची आमच्यावर.
तेवढं मला कळतं.

'भिंतीवरून नाव खरवडू नका त्याचं.
इतकी वर्षं त्यांच्यात आहे तो,
आता एकटा कुठे जाईल?'