काढू नये

एल्युनेड फोनवर म्हणाली, नळ चावतो मला.
चावतो म्हणजे?
हात ओला असला की मुंग्या, थेट कोपरापर्यंत.
रोज नाही. पाणी तापत ठेवलं की जास्त.
कार्डिफच्या मुलानं हसण्यावारी नेलं,
डॉक्टरनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या,
त्या तिनं घेतल्याही महिनाभर,
रबरी हातमोजे घालून भांडी घासत.
कुत्रा मात्र सिंकखालच्या
स्टीलच्या वाडग्याला तोंड लावेना.
मी कुत्र्यावर विश्वास ठेवला.

आमचं गाव पाटीच्या खाणींचं, वेल्सच्या उत्तरेला.
छप्पर पाटीचं, उंबरा पाटीचा,
कुंपणंसुद्धा उभ्या पाट्यांची, तारेनं शिवलेली,
आणि चॅपलमागे इड्वलच्या उशाशी तीच, नाव कोरलेली.
या घरातलं वायरिंग त्याचं. साल एकसष्ट.
खाणीतून आल्यावर, रविवार सोडून, मेणबत्तीच्या उजेडात.
एकही जोड तिरका नाही.

मेन बंद केला.
जिन्याखालच्या कपाटात गुडघ्यांवर, तोंडात बॅटरी.
मीटरमागून तांब्याची तार उतरलेली,
शिशाच्या पाइपला पट्टीनं आवळलेली,
पट्टीला पत्र्याचा बिल्ला,
त्यावर खिळ्यानं ठोकून, त्याच्या हातचं:
काढू नये.

कोणी काढलीही नव्हती.
मी बोटांनी पाइप चाचपत खाली गेले.
वीतभर शिसं.
मग हवा.
शेजारून निळं प्लास्टिक, नवंकोरं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणी कंपनीची माणसं आली होती.
शिसं वाईट, पोटात जातं, म्हणून
रस्त्यापासून नळापर्यंत सगळं बदलून गेली.
एल्युनेडनं चहा दिला, केक दिला.
बिल्ला त्यांनी वाचला असणार;
पट्टी जागच्या जागी होती.

ती मागेच उभी.
म्हटलं, घराचा पाय जमिनीला टेकत नाहीये.
त्यानं चूक केली होती का?
नाही. त्याच्या वेळी ते बरोबरच होतं.
हे तिनं मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी तांब्याचा रॉड आणला, चार फुटी.
दाराशी हातभर गेला, ठण्ण.
कोळशाच्या खोलीमागे ठण्ण.
कुंपणाशी रॉडच वाकला, छत्रीच्या मुठीसारखा.
खाली पाटीच पाटी.
हा डोंगर आजवर फक्त देत आलाय, घ्यायची सवय नाही त्याला.

मग तिनंच बोट दाखवलं.
परसात, दगडी बांधाआड, इड्वलचा लीकचा वाफा.
नदीकाठची माती बादलीबादलीनं वर आणून
चाळीस वर्षांत छातीइतकी खोल केलेली.
लीक उपटावे लागतील, मी म्हटलं.
आठ उपट, ती म्हणाली, सूप करते.
बाकीच्यांच्या मधून जा.

आणि रॉड गेला. हातोडीला लाज वाटावी इतका सहज.
मीटर काल मोजायलाच तयार नव्हता,
आज म्हणाला, एकशे साठ.
चालतं.
हिटरचं फुटकं कॉइल बदललं,
बोर्डावर नवा ट्रिप-स्विच बसवला,
बिलाखाली लिहिलं: उन्हाळ्यात वाफा कोरडा पडू देऊ नये.
तिनं चष्मा पुसून दोनदा वाचलं.
हे विजेचं की भाजीचं?
विजेचं.

नव्या पट्टीला छापील बिल्ला लागतो, कायद्यानं.
माझ्या पिशवीत होता.
मी दोन्ही बांधले.

संध्याकाळी तिनं हातमोजे काढले,
पोराचा ताप बघावा तसा
पंजा उलटा करून नळाला लावला,
आणि ठेवला तसाच, लागतो त्याहून जास्त वेळ.
थंड आहे, म्हणाली.

कुत्र्याला पटायला
आणखी तीन दिवस लागले.