शून्य पूर्णांक अडतीस

माती कशातूनही येते आमच्याकडे.
बिस्किटाच्या पुड्यातून, दुधाच्या पिशवीतून.
ही आली चादरीच्या कारखान्याचा छाप असलेल्या थैलीतून,
अर्धा किलो काळी, वागदरीकडची,
वर बॉलपेनानं: महादेवी हत्तरकी, तूर, दोन एकर.
गाठ अशी की शेवटी दातानं सोडवली.

सावलीत वाळवली, कुटली, चाळली.
आम्लाचा थेंब पडताच फसफसून अंगावर आली:
चुना. या जिल्ह्याची जुनी खोड.
मग तिचा अर्क ज्योतीत सोडला
आणि पडद्यावर आकडा थांबला.
जस्त, शून्य पूर्णांक अडतीस.
त्या दिवशीची ती एकविसावी लाल रेघ.

आमचे लवांडे भाऊसाहेब रजिस्टरात
जस्तला हमखास काना देतात.
"जास्त: कमी"
असं वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे सोलापूरच्या मातीबद्दल.

पत्रिका न्यायला ती स्वतः आली.
"जस्त म्हंजे बादलीचं?"
तेच, म्हटलं.
"आन् माझ्या रानात न्हाई ते?"
आहे थोडं, पण चुन्यानं मुठीत धरलंय, सोडत नाही.
यावर ती पहिल्यांदा हसली,
जणू असा एक माणूस तिच्या नात्यातला होता.

मी पाठ झालेलं सांगू लागले:
एकरी दहा किलो, शेणखतात मुरवून,
डीएपीत कालवायचं नाही, स्फुरदाशी त्याचं पटत नाही,
आणि दरसाल नाही, तीन वर्षांतून एकदा.
तिनं मध्येच अडवलं.
नातीला जुलाब लागले तेव्हा
आशाताईनं गोळ्या दिल्या होत्या, पाकिटावर हेच नाव.
"तिसऱ्या दिवशी पोरगी बरी झाली, बाई,
तरी चौदा दिवस दे म्हणली. का,
तर आत साठायला पायजे."
सोळा वर्षं मी हा आकडा छापतेय.
गोळी मला कधी आठवली नव्हती.

सगळ्या रानाला टाकणार नाही, म्हणाली.
बांधाकडच्या सहा ओळी.
"बाकीची तूर बघत बसू दे."

भाद्रपदात ओल्या गोणपाटात दोन रोपं घेऊन आली.
टेबलावर माती सांडली, लवांडे कुरकुरले.
एका रोपाची वरची पानं बारीक, शिरांमधून पिवळी,
पेरं आखडलेली.
दुसरं हातभर उंच.
तिनं मुळं पसरली, वेणी सोडतात तशी,
आणि उंच रोपाची एक गाठ नखानं फोडली.
आत गुलाबी.
आखडलेल्याला गाठीच मोजक्या;
फोडली ती राखेच्या रंगाची निघाली.
"झाडाला रगत असतंय?"
मी पुस्तकातलं नाव सांगणार होते.
असतं, एवढंच म्हणाले.

गड्ड्याची यात्रा उठल्यावर पुन्हा आली,
पदरात दोन पुरचुंड्या.
काट्यापाशी खुर्ची ओढून मोजायला लागली,
ओंदु, एरडु, मूरु,
पन्नासच्या पुढं चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
शंभर दाणे सहा ओळींचे: साडेदहा ग्रॅम.
शंभर दाणे बाकीच्यांचे: नऊला थोडे कमी.
मी कागदावर लिहून दिलं. ती वाचत बसली नाही,
दोन्ही तळहातांवर एकेक ढीग घेऊन
डोळे मिटून उभी राहिली. काटा चालूच होता.

काही पालटलं नाही म्हणा.
मोटारीचं बिल तेवढंच, एक पाऊस चुकलेलाच.
सहा ओळींत दोन पायल्या वाढल्या, तिच्या मापानं,
आणि तिचं माप जरा सैल असावं असं मला वाटतं.

जाताना तिनं आणखी एक थैली ठेवली.
शेजारणीची. तुरीवर कुणी करणी केली म्हणते,
लिंबू उतरवून झालंय.
"तिचंबी जास्त बघा," ती म्हणाली,
काना देऊन, लवांड्यांसारखाच.
मी दुरुस्त केलं नाही.

गाठ तशीच होती. याही वेळी दातानंच.